पहिल्या मिनिटाची बाहुली

मित्रांनो, मी एक जुनी बाहुली आहे. पण दुकानाच्या काचेमागे बसून गिऱ्हाइकाकडे बघणारी नव्हे. मी एका लहानशा प्रसूतिगृहात नोकरीला आहे. माझे काम ऐकाल तर हसाल. श्वास न घेता निपचित पडून राहायचे, एवढेच माझे काम. सोपे वाटते ना? पण मी नीट पडून राहिले, तर माझ्यावर हात चालवणाऱ्यांना शिकता येते; आणि त्यांना शिकता आले, तर एखादे खरेखुरे बाळ सुखरूप घरी जाते.

त्याचे असे आहे. बाळ जन्माला आले की रडते आणि बाहेर बाकावर बसलेली माणसे हसतात. बाळाच्या रडण्यावर हसायची मुभा माणसांना तेवढी एकदाच असते. रडता रडता बाळ पहिला श्वास आत ओढते. पण काही बाळे जन्मतात ती गप्पच. त्यांतल्या पुष्कळांना कोरड्या, उबदार फडक्याने पुसले, पाठ चोळली, की ती जागी होतात. काहींचे तेवढ्याने भागत नाही. त्यांच्या नाकातोंडावर छोटासा मास्क धरायचा, त्याला जोडलेली रबरी पिशवी हळूच दाबायची आणि त्यांच्या छातीत बाहेरून हवा भरायची. हे सारे पहिल्या मिनिटात सुरू व्हावे लागते. घड्याळाचा सेकंदकाटा एक फेरा मारतो, तेवढीच सवड.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे लांबलचक टेबलाशी बसून बायका आम्हाला जोडत. एकजण हात जोडी, दुसरी पाय. माझ्या छातीत हवेची पिशवी बसवली ती जाड भिंगाचा चष्मा लावणाऱ्या एका बाईने. पिशवी बसवून झाली की ती प्रत्येक बाहुलीला कानाशी धरी आणि कुठून बारीकशी हवा सुटते का ते ऐके. तपासायला यंत्र होते, पण तिचा भरवसा स्वतःच्या कानावर. मलाही तिने असेच कानाशी धरले, मान डोलावली आणि पुढे सरकवले.

माझे रूप साधेच. चेहरा ना मुलाचा, ना मुलीचा. अंग रबराचे आणि पोकळ. आत दोन लिटर कोमट पाणी भरले की मी बाळासारखी जड होते आणि माझी मान बाळासारखीच लटकी पडते. पोटाला नाळ आहे. तिच्यातून एक नळी निघते आणि नळीच्या टोकाला छोटे रबरी चेंडू आहेत. शिकवणाऱ्याने एक चेंडू दाबला की माझी नाळ नाडीसारखी उडू लागते. दुसरा दाबला की मी रडते. म्हणजे माझे रडणेसुद्धा माझ्या हातात नाही.

प्रशिक्षणाच्या मॅडम मला एका पाठपिशवीत घालून या प्रसूतिगृहात घेऊन आल्या. इमारत एकमजली. एका अंगाला सायकल दुरुस्तीचे दुकान, समोर लाकडाची वखार. आत बाळंतपणाच्या खोलीत दोन टेबले, पलीकडे सहा खाटा, एक तपासणीची खोली, आणि बोळात एक उंच लोखंडी कपाट. डॉक्टर एकच होत्या आणि त्यांच्याकडे अशी दोन प्रसूतिगृहे होती. त्या इथे असल्या की तिथे नसत आणि तिथे असल्या की इथे नसत. त्यामुळे इथला बहुतेक कारभार मोठ्या सिस्टरांच्या हातात होता.

मोठ्या सिस्टर म्हणजे सव्वीस वर्षांची नोकरी, रुंद मनगटे आणि कडक इस्त्रीचा एप्रन. रस्त्यावरच्या निम्म्या लोकांना आपण त्यांच्या अंगावर कपडे चढायच्या आधीपासून ओळखतो, असे त्या म्हणत, आणि ते खोटे नव्हते. त्यांच्या हाताखाली एक तरुण सिस्टर होती. ती अंगाने बारीक आणि चालायला तुरुतुरु, म्हणून मोठ्या सिस्टर तिला चिमणी म्हणत. तिसऱ्या होत्या मावशी. त्या लादी पुसत, चादरी वाळत घालत, बाळंतिणींना चहा देत आणि कोणीही न विचारता सल्लाही देत.

मॅडमनी मला टेबलावर निजवले आणि पहिली पाळी मोठ्या सिस्टरांना दिली. आता मित्रांनो, त्या दिवशी जे झाले ते फारसे मोठे नव्हते, पण त्याचे पुढे फार मोठे झाले. मोठ्या सिस्टरांनी मॅडमचा सरावाचा मास्क माझ्या तोंडावर दाबला आणि पिशवी पिळली. फुस्स असा आवाज झाला. हवा मास्कच्या कडेने बाहेर गेली. माझी छाती जागची हलली नाही. पुन्हा फुस्स. तिसऱ्यांदाही तेच. दारात पोछा घेऊन उभ्या असलेल्या मावशींना हसू आवरले नाही. मग चिमणीची पाळी आली. तिने माझी मान जराशी मागे केली, मास्क अलगद टेकवला, दोन बोटांनी पिशवी दाबली, आणि माझी छाती वर आली. मॅडम म्हणाल्या, शाबास. चिमणी लाजली. मोठ्या सिस्टरांनी मनगटावरचे घड्याळ पाहिले आणि वॉर्डात काम आहे असे सांगून निघून गेल्या.

जाताना मॅडमनी बजावून सांगितले होते. ही नवी पिशवी आणि मास्क बाळंतपणाच्या टेबलाशेजारी, हाताच्या अंतरावर ठेवा. बाहुलीवर रोज पाच मिनिटे सराव करा. हात विसरतात, त्यांना रोज आठवण द्यावी लागते.

मॅडमची गाडी वळणापलीकडे गेली आणि मोठ्या सिस्टरांनी आम्हा सगळ्यांना उचलून लोखंडी कपाटात ठेवले. मला, पिशवीला, आणि प्लॅस्टिकमधून बाहेरही न निघालेल्या दोन्ही मास्कना. नव्या वस्तू आहेत, हाताळून खराब होतील, तपासणीला कोणी आले तर दाखवायला हव्यात, असे त्यांनी कारण दिले. कुलूप लावले आणि किल्ली एप्रनच्या खिशात टाकली. चिमणीने दोनदा विचारले. दोन्ही वेळा उत्तर मिळाले, बघू.

मला त्यांचा राग येत नाही. सव्वीस वर्षे ज्यांनी दुसऱ्यांना शिकवले, त्यांना कालच्या मुलीसमोर तीनदा चुकावे लागले होते. कुलूप माझ्यावर नव्हते, त्या फुस्स आवाजावर होते.

कपाटात मी तीन महिने होते. माझ्या अंगातले पाणी काढायचे राहून गेले होते. ते शिळे झाले, त्याला वास येऊ लागला, माझ्या पाठीच्या आतून काळे ठिपके पडले. बाहेर बाळे जन्मत होती, रडत होती. प्रत्येक रडणे ऐकले की मला हायसे वाटे आणि पुन्हा अंधारात गप्प बसून मी पुढच्या रडण्याची वाट पाहत असे.

एके दिवशी मोठ्या सिस्टर महिन्याच्या बैठकीला दुसऱ्या गावी गेल्या. डॉक्टर पलीकडच्या प्रसूतिगृहात होत्या. दुपारी, जेवणे आटोपल्यावर, शिवणकाम करणाऱ्या एका बाईंचे बाळंतपण झाले. पहिलेच बाळ. मला कपाटातून दिसत काहीच नव्हते, पण ऐकू सगळे येत होते. आईचे शेवटचे कण्हणे ऐकू आले, आणि त्यानंतर जे यायला हवे होते ते आले नाही. चिमणीच्या हातातले फडके सरसर चालताना ऐकू आले. ती बाळाची पाठ चोळत होती. मग तिची पावले धावत माझ्याकडे आली आणि कपाटाची मूठ खडखडली.

किल्ली बैठकीला गेली होती.

चिमणी परत धावली. बाळाच्या तोंडावर पातळ फडके धरून ती स्वतःच्या तोंडाने हवा फुंकू लागली. मावशींनी पाण्याच्या पंपाच्या खोलीतून हातोडा आणला आणि कपाटावर घाव घालायला सुरुवात केली. लोखंड चांगल्या प्रतीचे होते. सातव्या घावाला दार वाकले, मी जमिनीवर आपटले, आणि मावशींनी दाताने प्लॅस्टिक फाडून मास्क आणि पिशवी चिमणीच्या हातात दिली. तोवर भिंतीवरच्या घड्याळाने पाच फेरे मारले होते.

चिमणीने पिशवी दाबली, आणि बाळाची छाती वर आली. माझ्यावर आली होती तशीच. थोड्या वेळाने बाळ अडखळत श्वास घेऊ लागले. गाडी आली, बाळाला मोठ्या दवाखान्यात नेले. मित्रांनो, तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. तिसऱ्या दिवशी ते बाळ गेले.

बैठकीहून मोठ्या सिस्टर परतल्या तेव्हा वाकलेले कपाट त्यांना दारातूनच दिसले. कोणी त्यांना काही सांगितले नाही. सांगायची गरज नव्हती. त्यांनी मला जमिनीवरून उचलले, मोरीत नेले, माझ्यातले ते शिळे पाणी ओतून दिले आणि साबण लावून मला आतून-बाहेरून धुतले. पाण्याचा नळ बराच वेळ चालू होता. मला धुऊन झाल्यावरही चालू होता.

बाळ गेल्याची बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, तपासणीला आलेल्या बायका बाकावर बसल्या होत्या. मोठ्या सिस्टरांनी मला तपासणीच्या खोलीतल्या टेबलावर निजवले, चिमणीला हाक मारली आणि म्हणाल्या,

"मला शिकव."

चिमणी गोंधळली. हळू आवाजात म्हणाली, "सिस्टर, दार लावून घेऊ का?"

"नको. उघडंच राहू दे."

त्या सकाळपासून आमचा वर्ग सुरू झाला. रोज कामाआधी दहा मिनिटे. मोठ्या सिस्टरांच्या हातात जोर भरपूर होता आणि तोच त्यांना नडत होता. त्या मास्क इतका दाबून धरत की माझी हनुवटी छातीला टेके आणि गळ्याची वाट बंद होई. चिमणी प्रत्येक वेळी तेच सांगे. मास्क तोंडावर दाबायचा नाही, हनुवटी मास्ककडे उचलायची. मान फार मागे नाही, फार पुढे नाही. फुलाचा वास घेताना असते तेवढीच. बाकावरच्या बायका हे सारे बघत. एकीने शेजारणीला विचारलेसुद्धा, की या बाईंना एवढ्या वर्षांत येत नव्हते का. मोठ्या सिस्टरांनी ते ऐकले आणि मास्क पुन्हा बसवला.

नवव्या दिवशी माझी छाती वर आली. त्यांनी आनंद केला नाही. पुन्हा करून पाहिले. मग पुन्हा. लागोपाठ वीसदा छाती वर आल्यावर त्या पाणी प्यायला गेल्या.

पुढे त्यांनी मावशींनाही या वर्गात ओढले. आपण बाई लादी पुसणाऱ्या, आपल्याला काय कळते, असे मावशी म्हणू लागल्या, तेव्हा मोठ्या सिस्टरांनी हातोडा कोणी आणला होता असे विचारून त्यांचे तोंड बंद केले. मावशींना वाचता येत नव्हते. पण पिशवी तळहातावर दाबून धरायची, हवा कुठून सुटते का बघायची, झडप हलते का बघायची, हे त्यांच्या बोटांनी चार दिवसांत पाठ केले. रोज सकाळी पहिले काम तेच. नाळेला बोट लावून काळजाचे ठोके ओळखायचे आणि सगळ्यांना कळावे म्हणून दुसऱ्या हाताच्या बोटाने हवेत तेच ठोके द्यायचे, हेही त्या शिकल्या. माझी नाळ दाबून दाबून त्यांनी पार मऊ करून टाकली.

साधारण पंधरा दिवसांनी त्या शिवणकाम करणाऱ्या बाई तपासणीला आल्या. मी टेबलावरच होते. चिमणी त्यांच्याकडे बघू शकत नव्हती. औषधाच्या बाटल्या उगीच इकडून तिकडे लावत होती. मोठ्या सिस्टरांनी तपासणी केली, रक्तदाब घेतला, आणि मग खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसल्या.

"तुला एक सांगायचंय. त्या दिवशी कपाटाची किल्ली माझ्या खिशात होती. बाळाला श्वास द्यायचं साधन आत होतं. ते बाहेर असतं, तर तुझं बाळ कदाचित राहिलं असतं. चूक या पोरीची नाही. माझी आहे."

बाई स्वतःच्या बाहीची शिवण बोटाने चाचपत राहिल्या. मग त्यांनी विचारले,

"आता कुठं असते ती किल्ली?"

"आता कुलूपच काढून टाकलंय."

बाईंची नजर माझ्यावर पडली. ही कशाला, असे त्यांनी विचारले आणि चिमणीने कसेबसे समजावून सांगितले. तेव्हा त्यांनी मला उचलले. माझ्यात त्या वेळी कोमट पाणी होते. माझी मान लटकी पडली तशी त्यांनी ती आपोआप कोपरात सावरली. मी आजवर कितीतरी हातांत गेले आहे, पण तसे कोणी धरल्याचे मला आठवत नाही. क्षणभराने त्यांनी मला जिथे होते तिथे ठेवले, माझ्या अंगावरचे फडके नीट केले आणि त्या निघून गेल्या. माफ केले असे त्या म्हणाल्या नाहीत. मोठ्या सिस्टरांनीही तसे मागितले नव्हते.

महिन्याभराने कोणाच्या तरी हाती एक गठ्ठा आला. मऊ सुती कापडाची चौकोनी फडकी, बाळ पुसायला असतात तशी. चारी कडा बारीक टाक्यांनी दुमडलेल्या. सोबत चिठ्ठी नव्हती. मावशींनी ती धुऊन, उकळून, उन्हात वाळवून टेबलाशेजारी ठेवली.

लोखंडी कपाट भंगारात गेले. त्याच्या जागी नाही, तर बाळंतपणाच्या खोलीतच, टेबलापासून हाताच्या अंतरावर, भिंतीला तीन उघड्या फळ्या ठोकल्या गेल्या. वर पिशवी आणि मास्क, खाली ती फडकी, आणि त्याखाली मी. कुठलेही बाळंतपण सुरू व्हायच्या आधी पिशवी तपासून झाली का, असे मोठ्या सिस्टर विचारत, आणि मावशी ठसक्यात सांगत, की आपला चहासुद्धा त्यानंतरच होतो. वर्षभरात चार बाळे गप्प जन्मली. चारही बाळे रडत घरी गेली. त्यांच्या घरच्यांना त्या पहिल्या मिनिटाचे काही कळलेही नाही. त्यांना वाटले, बाळ जरा उशिरा रडले, इतकेच.

या सगळ्यात माझी झीज होत होती. एक दिवस माझी पाठ गळू लागली. शेजारच्या सायकलवाल्याने मला पाण्याच्या घमेल्यात बुडवले, बुडबुडे कुठून येतात ते पाहिले आणि पंक्चर काढून ठिगळ लावले. मजुरी घ्यायला तो तयार होईना. एवढ्याशा ट्यूबचे काय घ्यायचे, म्हणाला. त्याची तान्ही मुलगी त्या चार बाळांतली होती, हे मला ठाऊक होते, त्याला नव्हते.

दोन वर्षांनी चिमणीला दिवस गेले. तिच्या सासूबाईंचे म्हणणे पडले की बाळंतपण शहरातल्या मोठ्या दवाखान्यात करावे. तिथे यंत्रे आहेत, डॉक्टर आहेत, लिफ्ट आहे. चिमणीने त्यांचे सगळे ऐकून घेतले. सगळे काही व्यवस्थित आहे, डॉक्टरांनीही इथे चालेल असे सांगितले आहे, आणि मी जिथे दुसऱ्यांना या म्हणते तिथे मीच नाही गेले तर बरे दिसेल का, असे तिने विचारले. सासूबाई म्हणाल्या, वाद घालायला मी काय नर्स आहे. आणि डबा घेऊन त्याही इथेच बाकावर येऊन बसल्या.

सकाळचे साडेदहा वाजले होते. खिडकीतून ऊन थेट टेबलाच्या पायापर्यंत आले होते. मी माझ्या फळीवरून सगळे बघत होते. डॉक्टरांना निरोप गेला होता, त्या निघाल्या होत्या. पण बाळ काही त्यांच्यासाठी थांबले नाही. आले तेव्हा नाळेचा वेढा त्याच्या गळ्याभोवती होता. मोठ्या सिस्टरांनी तो सोडवला. मुलगी होती. निळसर, ढिली, आणि गप्प.

त्यांनी बाळाला पुसले. पाठ चोळली. तळव्यांवर टिचक्या मारल्या. घड्याळाचा काटा पुढे सरकत होता. त्यांनी नाळ कापली, बाळाला शेजारच्या टेबलावर घेतले, मास्क बसवला आणि पिशवी दाबली.

छाती वर आली नाही.

मी त्यांचे हात पाहिले. त्या चार बाळांच्या वेळी ते चुकले नव्हते. आज चुकत होते. मास्क पुन्हा घट्ट दाबला जात होता. पहिल्या दिवशी माझ्यावर दाबला होता तसा.

चिमणीला आपले बाळ दिसत नव्हते. तिला मोठ्या सिस्टरांची फक्त पाठ दिसत होती. पण खोलीतल्या शांततेचा अर्थ तिच्याइतका कोणाला कळणार? तिने कोपरांवर रेलून डोके उचलले.

"छाती वर येतेय का, सिस्टर?"

दुसऱ्या कोणी असते तर होय म्हणाले असते. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "नाही."

"मान बघा. दाबू नका, हनुवटी वर घ्या."

तिचा आवाज रोज सकाळी असे तसाच होता. मोठ्या सिस्टरांनी एक श्वास घेतला. बाळाची मान बोटभर सरकवली, मास्क उचलून पुन्हा टेकवला, दोन बोटांनी हनुवटी वर घेतली आणि पिशवी दाबली. इवलीशी छाती वर आली आणि खाली बसली.

"आली," त्या म्हणाल्या.

"आता मी मोजते," चिमणी म्हणाली, आणि मोजू लागली. श्वास, दोन, तीन. श्वास, दोन, तीन. पहिल्या शब्दाला पिशवी दाबायची, पुढच्या दोन शब्दांना सोडायची. मोठ्या सिस्टरांचे हात त्या मोजणीला धरून चालू लागले. मावशींनी नाळेच्या बुडाशी बोट टेकवले होते. दुसऱ्या हाताचे बोट हवेत ठोके देत होते. आधी सावकाश, अडखळत, मग भरभर. चिमणी त्या बोटाकडे बघत मोजत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळत होते, पण मोजणीचा एकही शब्द मागेपुढे झाला नाही.

दीड मिनिट गेले असेल. बाळाने गचका दिला. मग न वापरलेल्या दाराची बिजागरी करकरावी तसा एक आवाज आला. मग ओठ वाकडे झाले, निळा रंग हळूहळू गुलाबी झाला, आणि मुलीने असा टाहो फोडला की बाहेर सासूबाईंच्या हातातला डबा खाली पडला.

चिमणी मोजतच होती. मावशींनी तिच्या कपाळावर हात ठेवला.

"अगं, आता थांब. तुझी लेक तिचं ती बघतेय."

मोठ्या सिस्टरांनी बाळाला कोरड्या फडक्यात घेऊन चिमणीच्या छातीवर ठेवले. घड्याळ पाहिले, वेळ लिहिली, बाळाचे श्वास पुन्हा एकदा पूर्ण मिनिटभर मोजले. सगळे ठीक आहे अशी खात्री झाल्यावर त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या. डॉक्टर आल्या, त्यांनी बाळाला नखशिखांत तपासले आणि छान आहे म्हणाल्या. हे कोणी केले, असे त्यांनी विचारले तेव्हा मोठ्या सिस्टरांनी चिमणीकडे बोट दाखवले आणि चिमणीने मोठ्या सिस्टरांकडे. मावशी म्हणाल्या, आता तुम्ही दोघी भांडा, मी चहा टाकते.

त्यालाही आता सहा वर्षे झाली. मोठ्या सिस्टर निवृत्त झाल्या. नोकरीच्या शेवटच्या दिवशीसुद्धा त्यांनी सकाळचा सराव चुकवला नाही. नुकत्याच लागलेल्या एका सिस्टरने भीत भीत त्यांची मास्कची कड सुटतेय असे दाखवले, तर त्या खूश झाल्या. आता चिमणीच इथली मोठी सिस्टर आहे, पण मावशी तिला अजून चिमणीच म्हणतात. तिची मुलगी शाळा सुटल्यावर इथेच येते. तपासणीच्या खोलीत बसून पाढे लिहिते आणि कंटाळा आला की मला मांडीवर घेऊन झोपवते. माझे केस का नाहीत, असे ती मला विचारते. मला बोलता येत नाही म्हणून बरे, नाहीतर मी तिला बरेच काही सांगून बसले असते.

मागच्या महिन्यात एक नवीकोरी बाहुली आली. माझ्यापेक्षा गोरीगोमटी, डोळे मिटणारी. कोणीतरी सुचवले की ही चांगली आहे, जपून ठेवू, सरावाला जुनी आहेच. चिमणीने तिथल्या तिथे खोके फोडले, प्लॅस्टिक काढून टाकले आणि ती बाहुली सगळ्यांत नव्या सिस्टरच्या हातात दिली.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगून झाल्यावर म्हणतात, आम्हाला जपा. माझे मागणे थोडे वेगळे आहे. आम्हाला वापरा. माझ्या गालांचा रंग उडाला आहे, नाक चपटे झाले आहे, नाळ दोनदा बदलली आहे, आणि यातल्या कशाचेही मला दुःख नाही. दुःख आहे ते त्या तीन महिन्यांचे, जेव्हा माझ्या अंगावर एकही ओरखडा नव्हता.

तुमच्या शाळेतही कुठेतरी भिंतीवर प्रथमोपचाराची पेटी असेल. उद्या बाईंना किंवा सरांना विचारून ती सगळ्यांनी मिळून उघडा. कदाचित कात्री गंजलेली निघेल, पट्ट्या संपलेल्या असतील, मलम कधीचे वाळून गेले असेल. तसे निघाले तर कोणाला हसू नका आणि कोणाला रागावू नका. कात्री घासून ठेवा, पट्ट्या आणून ठेवा, आणि त्या बांधायच्या कशा हे एकमेकांच्या हातांवर बांधून बघा. आज गुडघा कोणाचाच फुटलेला नाही. शिकायला हाच दिवस चांगला.